ब्रेकमास्तरांचा उजवा पाय

ब्रेकमास्तरांना जेवायला बोलवायचं, तर टेबलाखाली त्यांचा उजवा पाय कुठे येईल याचा विचार आधी करावा लागे. कोणी भरलेलं पातेलं घेऊन जरा लगबगीने आलं, की टेबलाखाली तो पाय फाटकन खाली जायचा. पाय आपटला की गुडघा टेबलाला लागायचा, गुडघा लागला की पेले हिंदकळायचे, आणि पातेलं आणणारीचा इतका वेळ अगदी ठीक असलेला तोल नेमका आता जायचा. "बघा, मी म्हटलं नव्हतं?" असं मास्तर म्हणत. त्यांनी काहीच म्हटलेलं नसायचं. पायाने म्हटलेलं असायचं, आणि पायाचं बोलणं मास्तर स्वतःचंच धरत.

मास्तर गाडी शिकवायचे. अशा शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक बसवलेला असतो. शिकणारा चुकला, तर शिकवणाऱ्याने तो दाबायचा. मास्तर तो ब्रेक शिकणारा चुकायच्या आधीच दाबत. कधीकधी तर चुकायचं त्या बिचाऱ्याच्या मनातही आलेलं नसे. त्यामुळे त्यांच्या शाळेच्या गाडीला जन्मात ओरखडा उठला नव्हता, आणि त्यांच्या शाळेतून पहिल्या फटक्यात परीक्षा पास झालेला माणूसही कोणी पाहिला नव्हता. परीक्षेच्या दिवशी शेजारी परीक्षक बसे, पायावर पाय टाकून. पहिला चौक यायचा. मास्तरांचा शिष्य निवांत वाट बघायचा, की गाडी आता नेहमीसारखी आपोआप थांबेल. गाडी काही थांबायची नाही.

मग नापास झालेली मंडळी गुपचूप मंडईमागच्या दुसऱ्या शाळेत जात आणि चार दिवसांत परवाना घेऊन येत. तरीही आया आपल्या पोरांना आधी मास्तरांकडेच धाडत. त्यांच्या गाडीत काही शिकून झालं नाही, तरी काही वाईटही होणार नाही, याची सगळ्यांना खात्री होती. चर्चच्या मंडळीचे तरुण पाळकसाहेब तर नापास होऊनही मास्तरांना सोडायला तयार नव्हते. आपल्याच चर्चमधल्या जाणत्या माणसाला टाकून मंडईमागे कसं जायचं, ही भीड. पुन्हा नापास होऊन आले, की ते चार दिवस सहनशीलतेवर उपदेश करायचे.

जाणता माणूस म्हणजे काय, तर मास्तर मंडळीचे 'वडील', म्हणजे चर्चच्या पंचांपैकी एक होते. कारभारात त्यांचा शब्द चाले, आणि गीतांमध्ये त्यांचा पाय. ऑर्गनच्या मागचाच बाक त्यांचा. गीत जरा रंगात आलं, सूर धावायला लागले, की मागे लाकडी फळीवर धाडकन पाय आपटायचा आणि ऑर्गनवाल्या बाई दचकून ताल आवरत्या घेत. असं करत करत त्या चर्चमधली आनंदाची गीतंसुद्धा अशी काही चालायला लागली, की एखादा नवखा पाहुणा शेजाऱ्याला हळूच विचारायचा, "कोण गेलं?"

मास्तरांची प्रार्थना तर ऐकण्यासारखी. "हे स्वर्गीय बापा," असं म्हणून ते सुरुवात करत, आणि पुढे बापाला रस्ता समजावून सांगत. "धाकट्या पुतण्याच्या लग्नाचं वळण आलंय, वेग कमी कर. मागून आजारपण येतंय, आरशात बघ. पाळकसाहेबांची परीक्षा समोर आहे, तिथे जरा जपून. घाई करू नकोस, पण थांबूनही राहू नकोस." आमेन म्हणेपर्यंत त्यांच्या कपाळाला घाम आलेला असायचा. देवावर त्यांचा विश्वास नव्हता असं कोण म्हणेल? देव गाडी चालवतोय हे ते मनापासून मानत. फक्त त्याच्या शेजारच्या सीटवर आपण बसलेलं बरं, असं त्यांना वाटे.

दर बुधवारी संध्याकाळी ते चर्चच्या मागच्या खोलीत 'विश्वासातली प्रौढता' या विषयाचा वर्ग घेत. प्रौढ विश्वासणारा म्हणजे जो डोळे उघडे ठेवतो आणि पाय जवळ ठेवतो, ही त्यांची व्याख्या. प्रभूने एका लेकराला मधे उभं करून मोठ्यांना 'असे व्हा' म्हटलं, तो भाग आला की मास्तर घसा खाकरायचे. "लेकरासारखं म्हणजे रस्ता ओलांडताना हात धरणारं, बरं का," एवढं सांगून पुढच्या अध्यायाकडे वळायचे. वादळात होडी हेलकावत असताना प्रभू उशीवर डोकं ठेवून झोपला होता, ती गोष्ट तर त्यांच्या मनाला मुळीच पटली नव्हती. उघड बोलायची सोय नव्हती. पण होडीत कोणीतरी जबाबदार माणसाने जागं असायला हवं होतं, असं त्यांचं खासगी मत होतं.

आता मास्तरीणबाईंकडे वळू. गाडीत बसल्या की झोपायच्या, ही त्यांची ख्याती. गाडी सुरू झाली, की गल्लीचं टोक यायच्या आत मान खिडकीला टेकलेली, तोंड जरासं उघडं, आणि बारीक घोरणं सुरू. मास्तरांच्या शेजारी बसून त्या लग्नांना गेल्या, अंत्यविधींना गेल्या, समुद्रावर जाऊन आल्या, पण वाटेत काय काय लागतं हे विचारलं तर त्यांना काही सांगता यायचं नाही. मास्तर ब्रेक दाबून दाबून घामाघूम व्हायचे आणि ही बाई मुक्कामाला पोचल्यावर आळस देऊन विचारायची, "आलं वाटतं?"

त्यांची प्रार्थनाही तशीच. दिवा मालवता मालवता म्हणायच्या, "देवा, आहेस ना? बरं." संपलं.

"एवढंच?" मास्तर विचारायचे.

"एवढंच. का?"

"अगं, काही मागणी, काही कबुली, काही योजना?"

"त्याला ठाऊक आहे की. झोपा आता."

मास्तर बुधवारच्या वर्गात नाव न घेता सांगत, की काही जण केस पांढरे झाले तरी विश्वासाच्या बाबतीत अजून दुधावरच असतात, जड अन्न त्यांना पचत नाही. बाई वर्गाला येत नसत. "बुधवारी माझं काम असतं," असं म्हणायच्या. काय काम, हे मास्तरांनी कधी विचारलं नाही. दुधावरच्या माणसाला काम ते काय असणार? फार पूर्वी त्यांनी बाईंना गाडी शिकवूनही बघितली होती. पण दोन-चार फेऱ्यांतच त्या खाली उतरल्या. "गाडी तुम्हीच चालवताय, मी नुसतं चाक धरून बसलेय," असं म्हणाल्या आणि घरात निघून गेल्या. तिला जमत नाही, असा मास्तरांनी त्याचा अर्थ लावला होता.

मग मास्तरांचे डोळे बिघडायला लागले. पण हे कळायला सगळ्यांना उशीर झाला, कारण मास्तर विनाकारण ब्रेक मारतात यात नवीन काही नव्हतं. आता ते सावल्यांना ब्रेक मारू लागले. झाडाच्या सावलीला, खांबाच्या सावलीला, समोरून येणाऱ्या ढगाच्या सावलीला. एकदा पाळकसाहेब गाडी चालवत असताना मास्तरांनी ती भर रस्त्यात थांबवली आणि बाहेर हात काढून कोणाला तरी आदराने 'जा, जा, आधी तुम्ही' अशी खूण करत राहिले. मागे गाड्यांची रांग लागली.

"मास्तर," पाळकसाहेब हळूच म्हणाले, "ती टपालपेटी आहे."

"असू दे. तिचा तरी काय भरवसा?"

त्याच आठवड्यात बाईंनी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी दिवा मारून बराच वेळ बघितलं आणि सांगितलं, की डाव्या डोळ्याचा पडदा गेलाय, तो काही परत येणार नाही. उजव्यात मोतीबिंदू पिकलाय. तो काढला तर मास्तरांना पुन्हा दिसू शकेल, आणि फार लांबवला तर तोही डोळा हातचा जाईल. हृदय नाजूक असल्यामुळे पूर्ण भूल देता येणार नव्हती. "थेंब घालून डोळा बधिर करते. तुम्ही जागे असाल. फक्त हलायचं नाही," त्या म्हणाल्या.

"हात्तिच्या! एवढंच ना?" मास्तर हसले. "मी प्रार्थनेला बसलो की पापणी हलत नाही माझी."

बाईंनी त्यांच्या उजव्या पायाकडे एकदा बघितलं आणि पर्स बंद केली.

ऑपरेशनच्या टेबलावर मास्तर शिस्तीत आडवे झाले. तोंडावर हिरवं कापड, कापडाला डोळ्यापुरतं भोक. समोर नुसता पांढरा उजेड. खालून कुठूनतरी टक टक आवाज आला.

"काय वाजतंय?" मास्तरांनी कापडाखालून विचारलं.

"माझ्या पायाखालचं पेडल. हे यंत्र पायाने चालतं."

हे त्यांनी सांगायला नको होतं. यंत्राने घरघर सुरू केली मात्र, टेबलाच्या टोकाला पाय टेकायला जी पत्र्याची पट्टी होती ती मास्तरांच्या पायाला बरोबर सापडली. धाडकन! मास्तर टेबलावर वीतभर वर सरकले आणि त्यांचं टाळकं डॉक्टरीणबाईंच्या पोटावर आदळलं. नशीब, अजून डोळ्याला हात लावलेला नव्हता.

"काय झालं?" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"तुम्ही क्लच एकदम सोडलात."

"मास्तर, याला क्लच नसतो."

"तेच म्हणतोय मी. म्हणून धक्का बसला."

पुढच्या खेपेला त्यांचे दोन्ही पाय रुंद पट्ट्यांनी टेबलाला बांधून टाकले. यंत्र सुरू झालं. पाय जागचा हलला नाही. डॉक्टरीणबाईंनी श्वास सोडला, आणि तेवढ्यात मास्तरांच्या हाताने हँडब्रेक शोधला. तो शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरच्या मनगटाच्या रूपात मिळाला, आणि मास्तरांनी तो होता नव्हता तेवढा जोर लावून वर ओढला. सिस्टर किंचाळली, तिच्या हातातला ट्रे खाली पडला, आणि चिमटे घरंगळत पार दाराबाहेर गेले.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टूल ओढून शेजारी बसल्या. "मास्तर, तुमचा हा एकच डोळा आहे. माझं हत्यार आत असताना तुम्ही एवढेसे दचकलात, तरी तो गेला. तुम्हाला बांधून घालून मी हे करणार नाही. निवांत पडायला शिका आणि मग या. पण फार दिवस लावू नका, मोतीबिंदू दगडासारखा कडक व्हायला लागलाय."

मास्तर घरी आले आणि खिडकीपाशी बसून राहिले. खिडकीत पूर्वी समोरची भिंत दिसायची, आता नुसतं काहीतरी पांढुरकं होतं. बाई चहा घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याच्या जागी त्यांना एक धुरकट गोळा दिसला. मास्तर घाबरले. आंधळं होण्याची भीती होतीच, पण त्याहून एक भीती मोठी होती. आपण जन्मभर प्रौढता शिकवली, आणि आपल्याला अर्धा तास गप्प पडून राहता येत नाही, हे आता मंडळीला कळणार.

ते मंडळीला दुपारपर्यंत कळलंही होतं. सिस्टर ऑर्गनवाल्या बाईंची भाची निघाली.

रविवारी उपासनेनंतर मास्तरांच्या पायासाठी खास प्रार्थनासभा झाली. मास्तरांना खुर्चीवर बसवलं, बूट-मोजे काढायला लावले, आणि वडीलमंडळींनी खाली बसून त्या उघड्या पायावर हात ठेवले. जागा थोडी आणि हात फार, त्यामुळे कोणाला अंगठा मिळाला, कोणाला टाच. पाळकसाहेबांनी प्रार्थनेला सुरुवात केली. सुरुवात संथ होती. पण माणूस तरुण, मनापासून मागणारा, त्याचा आवाज चढत गेला, शब्द धावायला लागले, "प्रभू, आत्ता, या क्षणी, या पायाला..." आणि पाय धाडकन खाली गेला. ऑर्गनवाल्या बाईंची बोटं टाचेखाली सापडली. पुढचा रविवार गीतांविना गेला.

"मास्तर, विश्वास ठेवा," बर्फ आणायला धावता धावता पाळकसाहेब म्हणाले.

"विश्वास मला आहे हो," मास्तर रडकुंडीला येऊन म्हणाले. "पायाला नाही."

त्या दुपारी बाईंनी त्यांच्यासमोर येऊन किल्ल्या वाजवल्या. शाळेच्या गाडीच्या किल्ल्या. "चला, जरा फिरून येऊ."

"चालवणार कोण?"

बाईंनी त्यांच्या हातात एक गुळगुळीत कार्ड ठेवलं. मास्तरांनी ते डोळ्याजवळ नेलं, लांब नेलं, शेवटी बोटांनी चाचपलं. असं कार्ड त्यांच्या बोटांना न बघताही ओळखू येत होतं.

"कुणाचा परवाना?"

"माझा."

"तुझा? कुठून आणलास?"

"मंडईमागच्या शाळेतून."

मास्तर मटकन खाली बसले. बायको माहेरी निघून गेली असती तरी एक वेळ चाललं असतं. "कधी शिकलीस तू?"

"बुधवारी. तुम्ही प्रौढता शिकवायला जायचात तेव्हा."

मास्तरांनी कार्ड पुन्हा एकदा चाचपलं. मग अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "कितव्या खेपेला पास झालीस?"

"पहिल्या," बाई म्हणाल्या. "उठा आता."

शेजारच्या सीटखाली ब्रेक होता, म्हणून बाईंनी त्यांना मागे बसवलं. स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर मास्तर आयुष्यात पहिल्यांदा बसत होते. तिथे शिकणाऱ्यांच्या आया बसायच्या. सीटच्या फटीत कोणाची तरी विणकामाची सुई त्यांना टोचली. गाडी निघाली, आणि पहिल्याच कोपऱ्यावर मास्तरांचा पाय पुढच्या सीटच्या पाठीत बसला. दुसऱ्या कोपऱ्यावर परत. तिसऱ्याला बाईंनी पाठ चोळत गाडी कडेला घेतली.

"पाय वर घ्या."

"वर कुठे?"

"सीटवर. मांडी घालून बसा."

"अगं, मी मंडळीचा वडील आहे!"

"वडील असा नाहीतर आजोबा असा. बूट काढा आणि पाय वर घ्या."

मास्तरांनी बूट काढले. मांडी घातली. गुडघे करकरले. पायाखालची जमीन गेल्यावर पाय वेड्यासारखा चुळबुळ करायला लागला, पण दाबायला काही सापडेना. मग हात पुढच्या दोन सीटांमधून हँडब्रेककडे निघाले. बाईंनी आपली पर्स मागे दिली. "ही धरा. दोन्ही हातांनी. आत माझा चष्मा आहे, जोरात दाबू नका."

"समोर चौक असेल आता. आरशात बघ. हळू. अगं, हळू!"

"आणि तोंडही मिटा. डोळेसुद्धा."

"डोळे उघडे असून तरी काय दिसतंय मला?"

"म्हणूनच सांगते. न दिसणं वेगळं, आणि मिटणं वेगळं. मिटा."

रोज ही वरात निघायला लागली. छपरावर शिकाऊ गाडीचा फलक, मागच्या काचेतून दिसणारे पर्स छातीशी धरून मांडी घालून बसलेले ब्रेकमास्तर, आणि चाकावर मास्तरीणबाई. मंडईमागच्या शाळेचा मालक शाळेच्या पायरीवर येऊन उभा राहायचा. हसायचा नाही, हे त्याचं मोठेपण. पाळकसाहेबांनी एकदा हे दृश्य पाहिलं आणि त्या रविवारचा उपदेश बदलायला घेतला, पण त्याला नेमका शास्त्रपाठ कोणता लावावा हे त्यांना ठरवता आलं नाही.

मास्तर सुधारत होते, पण अर्धेच. पाय गप्प व्हायचा, तर दात आवळले जायचे. दात सोडले, तर खांदे वर जायचे. एके दिवशी थकून ते म्हणाले, "तुझं बरं आहे बाई. तुला भीती म्हणून माहीतच नाही. बसली की झोपली."

बाईंनी गाडी एका मोकळ्या मैदानाच्या कडेला लावली आणि इंजिन बंद केलं.

"भीती माहीत नाही?" त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यावर पहिल्यांदा तुमच्या शेजारी बसले ना, तेव्हा तुम्ही सारखे ब्रेक दाबत होतात. मला वाटायचं, हा माणूस एवढा घाबरलाय, म्हणजे पुढे नक्की काहीतरी असणार. ओकारी यायची. उतरून चालत जावंसं वाटायचं. मग म्हटलं, गाडी यांच्या हातात आहे आणि हे देवाच्या हातात आहेत. मी तिसरी जागी राहून काय उजेड पाडणार? म्हणून डोळे मिटले."

"आणि झोप लागली?"

"कुठची! कितीतरी वर्षं नुसतेच मिटत होते. झोप फार नंतर यायला लागली."

"अगं पण घोरायचीस की पहिल्यापासून!"

"ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

मास्तरांनी डोळे उघडले. समोर तोच धुरकट गोळा होता, मागे वळून त्यांच्याकडे बघणारा. त्यांनी विचारलं, "आणि देवाशी बोलतेस ते? आहेस ना, बरं, ते?"

"ते तसंच. विचारते. कधीकधी आतून हो आल्यासारखं वाटतं. पुष्कळदा काहीच येत नाही. तरी बरं म्हणते." बाईंनी इंजिन सुरू केलं. "आई स्वयंपाकघरात असली की मुलं नाही का हाक मारत? ती दर वेळी ओ देतेच असं नाही. कामात असते. मुलं खेळत राहतात."

मास्तरांना लाज वाटली. याला आपण वर्षानुवर्षं दूध म्हणत आलो. आपल्या शेजारच्या सीटवर, खिडकीला मान टेकून, तोंड उघडं टाकून, ही बाई इतकी वर्षं एवढं जड काहीतरी चावत बसली होती, आणि आपण तिला झोपाळू समजलो. हे त्यांना मोठ्याने म्हणायचं होतं. पण गाडी वळत होती, म्हणून त्यांनी पर्स नीट धरली आणि डोळे मिटले.

पुढच्या खेपेला टेबलावर चढण्याआधी मास्तरांनी डॉक्टरीणबाईंना विनंती केली. पायाकडची ती पत्र्याची पट्टी काढून टाका. गुडघ्यांखाली उशी द्या, म्हणजे पाय अधांतरी राहतील. आणि हातात बायकोची पर्स द्या. पर्स आत न्यायची नाही असा नियम होता. डॉक्टरीणबाईंनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरने आपल्या मनगटाकडे बघितलं, आणि पर्स स्वच्छ कापडात गुंडाळून मास्तरांच्या हातात दिली.

हिरवं कापड आलं. पांढरा उजेड आला. खाली टक टक वाजलं.

"हे स्वर्गीय बापा," मास्तर ओठांतल्या ओठांत म्हणाले, "आता हे नाजूक वळण आहे, जरा हळू..." आणि थांबले. पुढचं त्यांना सुचेना. या वळणाचा रस्ता त्यांना माहीतच नव्हता. समोर काय आहे हे दिसत नव्हतं, आरसा नव्हता, आणि पेडल दुसऱ्याच कोणाच्या पायाखाली होतं. त्यांना एकदम होडीतली ती उशी आठवली. तीही एका लेकराच्याच डोक्याखाली होती, ते लेकरू आपल्या बापाच्या भरवशावर झोपलं होतं, आणि आपण मात्र त्याला बेजबाबदार ठरवत आलो.

"आहेस ना?" त्यांनी विचारलं.

त्यांनी वाट बघितली. काहीच ऐकू आलं नाही. यंत्राची घरघर सुरू झाली, आणि भीती आली, नेहमीची, सगळीच्या सगळी. उजवा पाय हलला. अंगठ्याने हवेत इकडे तिकडे ब्रेक चाचपला. हवेत ब्रेक नव्हता.

"बरं," मास्तर म्हणाले.

"काय म्हणालात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तुम्हाला नाही."

पाय खाली आला, उशीवर सैल पडला आणि तसाच राहिला. डॉक्टरीणबाईंचं काम संपलं तेव्हा सिस्टरने पर्स काढून घेतली. आतला चष्मा शाबूत होता, फक्त एक काडी जरा वाकली होती. "भिंग छान बसलंय," डॉक्टरीणबाई पट्टी बांधता बांधता म्हणाल्या. "आतला पडदा कितपत साथ देतो, ते उद्या पट्टी सोडल्यावर कळेल." एरवी मास्तरांनी कितपत म्हणजे किती, आणि कळेल म्हणजे कसं, असं विचारून त्यांना भंडावून सोडलं असतं. आज त्यांनी आभार मानले आणि बायकोचा हात धरून जिना उतरले.

गाडीत मागच्या सीटवर बसल्यावर न सांगता त्यांनी बूट काढले. पाय वर घेतले. एक डोळा निकामी, दुसऱ्यावर पट्टी, त्यामुळे आता धुरकट गोळासुद्धा नव्हता. सगळं काळं. बाईंनी गाडी काढली. रस्त्यावर गर्दी असावी. कुठूनतरी जोरात हॉर्न वाजला, गाडीला गचका बसला, चाकं करकचून थांबली, आणि कोणीतरी बाहेरून खेकसलं. मास्तरांच्या तोंडापर्यंत आलं, की काय झालं, आरशात बघितलंस का.

तेवढ्यात पुढून बारीक आवाज आला. बाई स्वतःशीच बोलत होत्या, आणि त्यांचा आवाज कापत होता.

"देवा, आहेस ना?"

मग काही नाही. मागच्या गाड्या वाजत राहिल्या. हा मधला वेळ किती लांब असतो, हे मास्तरांना इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं. ते श्वास धरून तिच्याबरोबर थांबले.

"बरं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गियर टाकला.

मास्तरांचा डोळा पट्टीखाली बंदच होता. त्यांनी तो मिटला. झोप काही आली नाही. पण मान खिडकीला टेकवून, तोंड जरासं उघडं ठेवून, तिला बरं वाटावं म्हणून ते हळूहळू घोरायला लागले.